चार पानांतला माणूस

हिंगोलीहून येणारी सकाळची पहिली जीप गोरेगावच्या चौकात थांबली, ड्रायव्हरने खिडकीतून कागदांची गुंडाळी बाहेर धरली, आणि ती घ्यायला सुकन्या तिथे आधीपासूनच उभी होती. उजाडल्यापासून उभी होती. कडेवर तिची पंधरा महिन्यांची लेक राजनंदिनी, घरातली नंदी, आणि तिच्या झबल्याला स्वतःच्या पदराचं टोक गाठ मारून बांधलेलं. नऊ दिवसांपासून ती लेकराला असंच बांधून ठेवायची. शेजारणी म्हणायच्या, "काहून वं, शेळी हाय का ती?" सुकन्या हसायची आणि गाठ चाचपून बघायची.

नऊ दिवसांपूर्वी हिंगोलीच्या स्टेशनावर तिचे सासरे हरवले होते. नणंदेला अकोल्याच्या गाडीत बसवून द्यायला सगळे गेले होते. मोठ्या तापातून उठल्यापासून भुजंगआबांना विसर पडायचा. तिचा नवरा नरसिंग पिशव्या चढवायला डब्यात शिरताना म्हणाला, "आबाकडं ध्यान ठेव." तेवढ्यात नंदीला ओकारी झाली. सुकन्या खाली वाकली, लेकराचं तोंड पुसलं, झबलं बदललं. मान वर केली तर गाडी सुटत होती, नरसिंग खाली उडी मारत होता आणि बाकड्यापाशी आबा नव्हते. बहुतेक मागच्या कुठल्यातरी डब्यात चढले असावेत. नणंद अकोल्याला उतरली, तिने फलाटभर शोधलं; तोवर गाडी पुढे निघून गेली होती.

घरात तिला कोणी रागावलं नाही. सासूबाई सुभद्राबाई एकदाच म्हणाल्या, "तुझ्यापाशी उभे होते." बस्स. त्यापेक्षा दोन थपडा मारल्या असत्या तर बरं झालं असतं, असं सुकन्याला वाटे.

नरसिंगने त्या लाइनीवरच्या स्टेशनांवर कागद चिकटवले: उंच म्हातारा, लाल पटका, पांढऱ्या झुपकेदार मिशा, खांद्यावर घोंगडं, कमी बोलतो. खाली हिंगोलीच्या पुनमचंदच्या दुकानाचा फोन आणि ईमेलचा पत्ता. आता तो खांडव्यात होता. तिथला म्हातारा दुसराच निघाला होता. आज चार वाजता तो पुनमचंदच्या दुकानात फोन करणार होता, आणि पाचच्या सुमाराला त्याला खांडव्याहून दोनपैकी एक गाडी धरायची होती: एक घराकडे, एक रतलामकडे.

रतलामकडे, कारण काल तिथून एका निवृत्त मराठी मास्तरांचा फोन आला होता. स्टेशनाजवळच्या निवाऱ्यात एक म्हातारा आहे. पटका नाही, मिशा नाहीत, तोंडातून शब्द काढत नाही. वय जुळतं. निवाऱ्यातल्या माणसांना उद्या दुपारी मोटारीत घालून लांबच्या आश्रमात नेणार आहेत, एकेकाला वेगळीकडे, मग पत्ता लागणं कठीण. "मी ओळखीच्या दुकानातून फोटो ईमेलने धाडतो, घरच्यांनी बघून ठरवावं," असं सांगून मास्तर लेकीकडे गावाला निघून गेले. निवाऱ्यात फोन नव्हता.

तो फोटो या गुंडाळीत असायला हवा होता. सुकन्याने ती उघडली. चार पानं, वरपासून खालपर्यंत नुसती इंग्रजी अक्षरं. मोठी, लहान, मध्येच आकडे, कुठे शब्द नाही, कुठे जागा सोडलेली नाही. वर पुनमचंदने पेनाने लिहिलं होतं: 'वहिनी, फोटो आला नाही. नुसता कचरा आला. तरी छापून पाठवतो.'

सुभद्राबाई मागून आल्या होत्या. "काय म्हंते कागुद?"

सुकन्याने एका ओळीतली अक्षरं बोटाने मोजली. शहात्तर. दुसरी ओळ मोजली. शहात्तर. शेवटच्या पानावरची शेवटची ओळ अर्धीच होती आणि तिच्या टोकाला बरोबरचं चिन्ह होतं.

"आत्याबाई," ती म्हणाली, "हा फोटोच हाय."

सुभद्राबाईंनी पान उलटंसुलटं केलं. "कुठं हाय?"

"हितं. पण बारीक करून पीठ केलेलं हाय. परत आख्खं करावं लागंल."

सासूबाईंनी सुनेकडे नीट बघितलं, पोरीचं डोकं ठिकाणावर आहे ना अशा नजरेने. मग म्हणाल्या, "मी बी येते. लेकरू कोण धरील?"

जीपमध्ये बसल्यावर सुकन्याने पानं पोटाशी धरली. नांदेडला बी.एस्सी. करताना सरांनी हे फळ्यावर शिकवलं होतं. ईमेलच्या जुन्या तारांमधून फक्त साधी अक्षरंच सुखरूप जातात, म्हणून चित्र असो की गाणं, त्याचे आकडे करायचे आणि आकड्यांची अक्षरं. मोठी सव्वीस, लहान सव्वीस, दहा अंक, एक अधिकचं चिन्ह आणि एक तिरपी रेघ. चौसष्ट. प्रत्येकाला एक नंबर. चार अक्षरं जुळवली की चित्राचे तीन दाणे परत मिळतात. ओळी सगळ्या सारख्या लांबीच्या, आणि शेवटी दाणे कमी पडले तर बरोबरचं चिन्ह. परीक्षेत हा प्रश्न आला होता आणि तिने तो सोडला होता.

पुनमचंदचं दुकान हिंगोलीत बसस्टँडच्या मागे होतं. पुढे फोनची काचेची खोली, मध्ये दोन कॉम्प्युटर, आतल्या खोलीत रुख्मिणीबाईंचा टायपिंगचा क्लास. पुनमचंद तांड्यावरचा शिकलेला गडी, पण दुकानात हिंदीच जास्त बोलायचा.

"भाऊ, ते ईमेल परत उघडा. मला त्यातनं सरळ फाइल काढता येईल."

पुनमचंदने कान पकडला. "वहिनी, डिलीट हो गया. माझं कनेक्शन नुसत्या अक्षरांचं, ईमेलचा डबा एवढासा. सांज झाली की मी समदं छापतो आन् डबा रिकामा करतो. त्यात ह्ये असलं दिसलं, मला वाटलं व्हायरस हाय."

"एकच राहू द्यायचं होतं."

"मला काय माहीत, तुमचे आबा त्यात हायेत!"

सुकन्याने घड्याळ बघितलं. साडेदहा. साडेपाच तास. आता कागद हीच एक प्रत, आणि कागदावरचं परत कॉम्प्युटरमध्ये घालायचं तर हातानेच. चार पानं, दोनशे चाळीस ओळी, अठरा हजार अक्षरं.

तिने मोजून दाखवलं तसा पुनमचंद डोकं खाजवत आत गेला आणि रुख्मिणीबाईंना घेऊन आला. रुख्मिणीबाई पन्नाशीच्या, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला, पाठ ताठ. तीस वर्षं मशीनवर बसून जिल्ह्यातल्या निम्म्या कारकुनांना त्यांनी बोटं चालवायला शिकवली होती.

"ह्याला अर्थ काय?" त्यांनी पान चष्म्याखाली धरलं.

"अर्थ नाही, बाई. जसंच्या तसं उतरवायचं. एक अक्षर चुकलं तर तिथून पुढचं सगळं चित्र विस्कटतं."

"चुकतंय कशाला?" रुख्मिणीबाई म्हणाल्या. "माझ्या पानाला आजवर लाल शाई लागली नाही, बाळ. अर्थ नसलेलं तर सोपं. अर्थ असला की मन भरकटतं."

पहिली दोन पानं सुकन्याने घेतली, तिसरं-चौथं रुख्मिणीबाईंनी. नंदीची गाठ सोडून तिला सासूबाईंच्या मांडीवर देताना सुकन्याचा हात दोनदा मागे आला.

"दे की," सुभद्राबाई म्हणाल्या. "मी काय हरवते का तिला?"

बोलून गेल्यावर त्या घाईने नंदीचं झबलं सारखं करायला लागल्या.

मग टाइप करणं सुरू झालं. रुख्मिणीबाईंची नजर कागदावरून हलत नव्हती, बोटं पावसाच्या सरीसारखी पडत होती. सुकन्या प्रत्येक ओळीनंतर थांबायची, मोजायची, दाराकडे बघायची, नंदी आहे ना, सासूबाई आहेत ना, मग पुढची ओळ. बारा वाजता नंदी रडली. तिला पाजताना सुकन्या डाव्या हाताने टाइप करू लागली तेव्हा पुनमचंद म्हणाला, "अहो वहिनी, लेकराला तरी शांतीनं पिऊ द्या."

"तुमी घड्याळ बघा, भाऊ. मला फक्त वेळ सांगत राहा."

एक वाजता रुख्मिणीबाईंची दोन्ही पानं कधीच झालेली होती आणि सुकन्याचं दुसरं संपलं. मग तिने कॉलेजात शिकलेल्या बेसिक भाषेत प्रोग्रॅम लिहायला घेतला. सरांचा फळा आठवत, चुकत, खोडत. मोठं ए म्हणजे शून्य. लहान ए म्हणजे सव्वीस. पहिल्यांदा चालवला तर मशीन अडकलं. दुसऱ्यांदा एक फाइल तयार झाली.

अडीच वाजले होते. फाइल उघडली आणि पडद्यावर वरून खाली एकेक पट्टी उतरायला लागली. भिंत. भिंतीवर खिळा. मग डोकं. सुभद्राबाई लेकरासकट उठून उभ्या राहिल्या. कपाळ, डोळे, नाक, हनुवटी. गळ्यापर्यंत चित्र आलं आणि तिथून खाली नुसते राखी-हिरवे तुकडे, गोधडीसारखे.

पण चेहरा आला होता. सुकन्या त्याच्याकडे बघत राहिली.

तिला ओळखू येईना.

डोकं तासलेलं. मिशा साफ. निवाऱ्यात उवांसाठी सगळ्यांना तसं करत असतील. उघडं, लहानखुरं, घाबरलेलं तोंड. तीन वर्षं ती त्या घरात होती, पण सासऱ्यांच्या तोंडाकडे सरळ कधी बघितलं नव्हतं. ते ओसरीवर आले की पदर पुढे, नजर खाली. पटका आणि मिशा म्हणजे आबा. ते दोन्ही काढल्यावर खाली काय असतं ते तिला कुठे माहीत होतं?

"आत्याबाई, बघा की. हे आबाच ना?"

सुभद्राबाईंनी एकदाच बघितलं आणि तोंड फिरवलं. "न्हाई. हे आमचे न्हाईत."

"नीट बघा."

"काय बघू? यांचे आई-बाप जाऊन वीस वर्षं झाली. त्या टायमाला उतरवली ती शेवटची मिशी. आता कोन मेलं म्हनून उतरवतील? असलं अभद्र मला दाखवू नको."

नंदीने पडद्याकडे बोट केलं. "आबा!"

पुनमचंद टाळी वाजवून म्हणाला, "लो! लेकरानं वळखलं!"

"ती जीपच्या ड्रायव्हरलाही आबाच म्हणते, भाऊ," सुकन्या म्हणाली. "तुमालाही म्हणल."

नंदीने पुनमचंदकडे बघून "आबा" म्हटलंही. त्याने आपल्या काळ्याभोर केसांवरून हात फिरवला आणि तो फोनच्या खोलीकडे गेला.

सुकन्याने पडद्यावर एका तळहाताने डोकं झाकलं, दुसऱ्याने ओठ. मधले डोळे तिच्याकडे बघत होते. असू शकतील. नसूही शकतील. खांडव्यात नरसिंग नऊ दिवसांचा दमलेला होता. चुकीचं 'हो' म्हटलं तर आणखी तीन दिवस तो वाऱ्यावर. आणि चुकीचं 'नाही' म्हटलं तर उद्या दुपारी हा माणूस मोटारीत बसून कुठे जाईल ते कुणालाच कळणार नाही. पुन्हा तिच्यापाशीच उभा असलेला माणूस.

तिला चेहरा ठाऊक नव्हता. मग काय ठाऊक होतं? खाली घातलेल्या नजरेला काय दिसतं? ताट दिसतं. पाण्याचा तांब्या दिसतो. ताटातली भाकरी मोडणारे हात दिसतात. रोज दोन वेळा, तीन वर्षं. ते हात तिने हजारात ओळखले असते.

आणि हात, जर मांडीवर असतील, तर त्या राखी-हिरव्या गोधडीच्या खाली होते. तिसऱ्या-चौथ्या पानात.

"रुख्मिणीबाई," ती हळूच म्हणाली, "तुमच्या पानात कुठंतरी चूक हाय."

खोलीत एकदम थंडी पडल्यासारखं झालं. "माझ्या?"

"चित्र तिसऱ्या पानाच्या पहिल्या ओळीतच बिघडतंय."

"तुझा प्रोग्रॅम चुकला असंल. काल शिकलेली पोरं!"

"मग वरचा अर्धा कसा आला असता, बाई?"

रुख्मिणीबाईंनी खुर्ची ओढली, कागद घेतला आणि आपली पानं पडद्याशी ताडून बघायला लागल्या. सुकन्याने ओळी मोजल्या. शेवटची अर्धी सोडून सगळ्या शहात्तर. एक अक्षर गळालं नव्हतं, एक जास्त नव्हतं. रुख्मिणीबाई दहा ओळी वाचून म्हणाल्या, "बराबर आहे. अक्षर अन् अक्षर बराबर आहे."

तीन वाजून पाच मिनिटं. पुनमचंदने सांगितलं, कोणी विचारलं नव्हतं तरी.

"बाई, राग मानू नका. एक ओळ माझ्यासमोर परत टाइप करता? मी फक्त बघते."

रुख्मिणीबाईंनी ओठ घट्ट मिटले, पण बोटं ठेवली. सुकन्या पडद्याकडे बघत नव्हती, कागदाकडेही नाही. ती बोटांकडे बघत होती, जशी ती नऊ दिवस सगळ्यांच्या पायांकडे, दारांकडे, रस्त्याकडे बघत होती. आकडे आले की बाईंची बोटं वरच्या रांगेत जात: सात, चार, नऊ. मग कागदावर एक आला, आणि उजव्या हाताचं तिसरं बोट वर गेलंच नाही. जागच्या जागी मधल्या रांगेत पडलं. लहान एलवर.

"थांबा! बाई, एकचं बटण वर आहे की."

"एकाला कशाला वेगळं बटण लागतं?" रुख्मिणीबाई म्हणाल्या, आणि त्यांचं त्यांनाच कळलं. बोट हवेत राहिलं.

आतल्या खोलीत त्यांच्या क्लासची जुनी मशीनं ओळीने मांडलेली होती. त्या मशीनांवर आकडे दोनपासून सुरू व्हायचे. एक मारायचा तर लहान एल मारायचा. कागदावर दोन्ही सारखेच दिसायचे, जिल्ह्याच्या कचेरीतल्या सगळ्या तारखा तशाच मारलेल्या होत्या. तीस वर्षं डोळे एक बघत आले आणि बोट एल मारत आलं. वाचून ताडलं तरी डोळ्यांना पडद्यावरच्या एलच्या जागी एकच दिसत होता.

"अगं आई," रुख्मिणीबाई हळूच बोलल्या. "मी पोरींना मारून मारून हेच शिकवलंय."

"तुमची चूक न्हाई, बाई. मशीनला माणसाची सवय काय माहीत."

"ते नंतर. आता सगळे एल काढून एक कर."

"तसं करता येत न्हाई. खरे एल पण हायेत. प्रत्येक जागा कागदावर बघावी लागंल."

रुख्मिणीबाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि फूटपट्टी मागवली. सुकन्या पडद्यावर एका एलवरून दुसऱ्या एलवर उडी घेत होती आणि ओळीचा नंबर सांगत होती. बाई पट्टी सरकवून कागदावर डोळे रोवत होत्या. छापलेल्या एकाला खाली आडवी बैठक होती आणि वर चोच होती, एलला ती चोच नव्हती.

"एक."

"बदलला."

"एल. राहू दे."

"पुढं."

"एक. परत एक."

नंदी रडायला लागली. सुभद्राबाईंनी तिला थोपटलं, बाहेर नेलं, परत आणलं. सुकन्याने मान वळवून दाराकडे बघितलं तशा बाई ओरडल्या, "नजर हितं ठेव! म्हातारी आहे ना तिच्यापाशी?" पुनमचंदने साडेतीन म्हटलं. पावणेचार म्हटलं. तिसरं पान झालं तेव्हा सुकन्याने न राहवून फाइल उघडली. गळा. उघडी छाती, खांद्यावर निवाऱ्याची पांढरी चादर. घोंगडं नव्हतं. खाली परत गोधडी.

"चौथं घे," रुख्मिणीबाई म्हणाल्या.

शेवटचे वीसेक एल राहिले असताना फोन वाजला. पुनमचंदने उचलला. "हां, नरसिंगभाऊ. हायेत, हायेत. एक मिनिट थांबा... अरे थांबा ना, फोटो बनून राहिलाय!"

"एल. एक. एक. एल. संपलं."

सुकन्याने प्रोग्रॅम चालवला. पट्ट्या उतरायला लागल्या. भिंत, खिळा, ते उघडं तोंड, छाती, चादर. मग मांडी. मांडीवर दोन हात.

उजवा हात डाव्यात धरलेला होता, जड वस्तू धरावी तसा. उजव्याचा अंगठा मुळापासून बाहेरच्या बाजूला वळलेला, त्याच्या बुडाशी बोराएवढा घट्टा. चाळीस वर्षं मेंढरं कातरून, कातरीच्या कडीत अंगठा अडकवून झालेला. भाकरी मोडताना तो अंगठा आत वळायचा नाही, म्हणून आबा भाकरीचा तुकडा तर्जनी आणि मधल्या बोटानेच धरायचे. ती कडेला उभी राहून बघायची आणि भाकरी जरा पातळ थापायची.

ती उठली. खुर्ची मागे पडली. काचेच्या खोलीत जाऊन तिने फोन घेतला.

"अहो, रतलामला जा."

तिकडून गोंगाट येत होता. "काय? आबा हायेत का? फोटो आला?"

"आला. आबाच हायेत."

"माय काय म्हंती? मायनं वळखलं?"

काचेतून तिला सासूबाई दिसत होत्या. त्या पडद्यापासून लांब, लेकराला छातीशी धरून उभ्या होत्या.

"आत्याबाई न्हाई म्हणतेत. मिशा काढल्यात ना."

"आन् तू? तुला खात्री हाय? सुकन्या, परत खोटं निघालं तर..."

"तोंड मला ओळखू येत न्हाई," ती म्हणाली. "तोंड मी कधी बघितलं? हात बघितलेत. तुमी पाचच्या गाडीत बसा. उद्या दुपारच्या आत पोचा. डोक्यावर पटका नसंल, मिशा नसतील, तुमी बी वळखणार न्हाई. तोंडाकडं बघूच नका. उजवा अंगठा बघा."

"बरं," तो म्हणाला. मग, जरा वेळाने, वेगळ्या आवाजात, "बरं झालं तू..." आणि पैसे संपून फोन कट झाला.

ती बाहेर आली तेव्हा सुभद्राबाई पडद्यासमोर गेल्या होत्या. वरचा अर्धा त्यांनी पदराने झाकून धरला होता आणि खालच्या हातांकडे बघत होत्या. नंदी पदर ओढत होती. रुख्मिणीबाई चष्मा पुसत होत्या. पुनमचंद उगाच पावतीबुक चाळत होता.

"लई वाळलेत," सुभद्राबाई शेवटी म्हणाल्या. "काय खाऊ घालून राहिलेत कोन जाने."

त्यांनी पदर सावकाश खाली घेतला आणि त्या उघड्या तोंडाकडे पहिल्यांदा पुरतं बघितलं. डोळ्यांतून पाणी येत होतं, ते त्यांनी पुसलं नाही.

"वाढतील मिशा," त्या म्हणाल्या. "मेंढराची लोकर परत येती, ह्यांच्या मिशीला काय झालं."

पुनमचंद हसला. रुख्मिणीबाईही हसल्या. सुकन्याला हसू येईना. खांडव्याला पाच वाजायला अजून पाऊण तास होता, आणि नरसिंग कुठे उभा असेल, तिकिटाची रांग किती असेल, गाडी कुठल्या फलाटावर लागेल, हे सगळं ती मनात एकेक करून बघायला लागली होती.